उभ्या गाडीची जागा : लोणावळा आणि मावळातील वाहनतळांचा प्रश्न

खासगी मोटार तिच्या आयुष्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक काळ उभीच असते, हे वाहतूकशास्त्रातील जुने आणि अनेकदा मोजून पाहिलेले निरीक्षण आहे. तरीही रस्ते, पूल आणि बोगदे यांचे आराखडे आखताना धावत्या गाडीचाच विचार आधी होतो आणि उभ्या गाडीची सोय प्रवास जेथे संपतो त्या गावाने आपली आपण लावावी, असे गृहीत धरले जाते. पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यातील लोणावळा हे असे प्रवास संपण्याचे गाव आहे. मुंबई आणि पुणे या दोन महानगरांच्या मधोमध, बोरघाटाच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास उंचीवर वसलेल्या या गावाची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सुमारे ५७ हजार होती. त्याची बाजारपेठ, रस्ते आणि पाणीपुरवठा या आकाराला साजेसे आहेत, पण जून ते सप्टेंबर या महिन्यांतील शनिवार-रविवारी त्याला पाहुण्यांसकट पोसावी लागणारी गर्दी दोन महानगरांच्या आकाराला साजेशी असते. लोणावळ्यातील वाहनतळाचा प्रश्न या विषमतेतून उभा राहिला आहे आणि तो केवळ जागा वाढवून सुटणारा नाही, असे त्याच्या घडणीकडे पाहिल्यावर दिसते.

लोणावळा-खंडाळ्याचा शोध १८७१ साली एल्फिन्स्टन यांनी लावला, असे पर्यटनाच्या माहितीपत्रकांतून सर्रास छापले जाते. ते खरे असणे शक्य नाही, कारण मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या दोन एल्फिन्स्टनांपैकी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८५९ मध्ये आणि लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन १८६० मध्ये वारले होते, आणि १८७१ पर्यंत या माथ्यावरून आगगाड्या धावू लागून आठ वर्षे झाली होती. बोरघाटातून चाकाची वाहने जाऊ शकतील असा रस्ता १८३० मध्ये खुला झाला. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू केला, परंतु घाटातील चढण पूर्ण व्हायला १८६३ उजाडले. मधल्या पाच वर्षांत मुंबईहून येणारे उतारू खोपोलीला गाडीतून उतरत, पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. म्हणजे हा घाटमाथा मुळात वाहन बदलण्याचे ठिकाण होता. लोणावळा वाढले ते रेल्वेच्या कामगारांच्या, अधिकाऱ्यांच्या आणि नंतर मुंबईच्या धनिकांच्या बंगल्यांच्या आधाराने, आणि १८७७ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली तेव्हा गावाचे केंद्र साहजिकच स्टेशन हे होते. स्टेशनातून बाहेर पडलेला माणूस पायी किंवा टांग्याने जेथवर जाईल तेथवर बाजार, अशी ही रचना होती. तिच्यात मोटार उभी करण्याची जागा नव्हती, कारण मोटारच नव्हती.

या रचनेवर नंतर मुंबई-पुणे महामार्गाचा थर चढला. स्टेशनच्या उत्तरेला, लोहमार्गाला जवळजवळ समांतर असा हा रस्ता गावाच्या पोटातून जातो आणि चिक्कीची दुकाने, हॉटेले, बँका व बाजारपेठेची तोंडे त्यावर किंवा त्याच्या आडगल्ल्यांत उघडतात. प्रवाशाने क्षणभर गाडी बाजूला घ्यावी, चिक्की-फजचे पुडे घ्यावेत आणि पुढे जावे, या सवयीवर हा बाजार कित्येक दशके चालला. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, तेव्हा या क्षणभर थांबणाऱ्या ग्राहकांपैकी मोठा भाग गावाला वळसा घालून जाऊ लागला आणि गाव आता मोकळे होईल असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात लोणावळा मुंबईकराला एका दिवसात जाऊन येण्याजोगे झाले, पाच मिनिटे थांबणाऱ्या गाडीची जागा पाच तास थांबणाऱ्या गाडीने घेतली, आणि द्रुतगती मार्गावर मज्जाव असलेल्या दुचाकी जुन्या रस्त्यानेच वडगाव, कामशेत, कार्ला ओलांडून येत राहिल्या.

गावाच्या नकाशातील आणखी एक गोष्ट कोंडीला कारणीभूत आहे. महामार्ग आणि बाजार लोहमार्गाच्या उत्तरेला आहेत, तर भुशी धरण, लायन्स पॉइंट आणि टायगर पॉइंट ही पावसाळी गर्दीची ठिकाणे दक्षिणेला. मोटारीने आलेल्या जवळजवळ प्रत्येक पर्यटकाला लोहमार्ग ओलांडून, त्यानंतर बऱ्याच अंतरापर्यंत पर्यायी वाट नसलेल्या अरुंद रस्त्याने जावे लागते. ज्या धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बसण्यासाठी ही सारी धडपड चालते, ते रेल्वेने एकोणिसाव्या शतकात वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले होते. तेथे हजारो माणसे आपापल्या गाड्यांनिशी येतील, हे ते बांधणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल. अशा एकाच वाटेच्या ठिकाणी वाहनतळ भरला की मागची गाडी पुढे जाऊ शकत नाही आणि वळायलाही जागा उरत नाही, मग ती रस्त्याच्या कडेला, गटारावर किंवा एखाद्या बंगल्याच्या फाटकासमोर लागते. दोन्ही कडा अशा भरल्या की दुहेरी रस्ता एकेरी होतो आणि रांग मागे कुमार चौकापर्यंत पोहोचते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्यानंतर पावसाळी पर्यटनावर वेळेची आणि प्रवेशाची बंधने कडक झाली. अशा ठिकाणी रुग्णवाहिका आणि बचावपथक यांना मोकळा रस्ता मिळणे हा जीवनमरणाचा विषय असतो आणि म्हणून कडेला लागलेल्या गाडीकडे केवळ गैरसोय म्हणून पाहता येत नाही.

ही जागा कोणाच्या ताब्यात आहे, हे पाहू लागले म्हणजे प्रश्नाचा गुंता कळतो. गावातील अंतर्गत रस्ते नगरपरिषदेचे. जुना महामार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाच्या अखत्यारीतला. स्टेशनचे आवार मध्य रेल्वेचे. धरणाचा परिसर काही रेल्वेचा तर काही वनखात्याचा. गावाबाहेरच्या पॉइंटांकडील वाटा ग्रामपंचायतींच्या हद्दींतून आणि भारतीय नौदलाच्या आयएनएस शिवाजी या प्रशिक्षण संस्थेच्या शेजारून जाणाऱ्या. आणि वाहतुकीचे नियमन पुणे ग्रामीण पोलिसांकडे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११७ नुसार वाहने उभी करण्याच्या जागा राज्य सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवू शकतो. त्याच कायद्याचे कलम १२२ इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने गाडी उभी करण्यास मनाई करते, तर कलम १२७ अशी गाडी हलवण्याचा, म्हणजे बोलीभाषेत टोइंगचा, अधिकार देते. कायद्यात उणीव फारशी नाही. मात्र जागा ठरवणारा, पावती फाडणारा आणि गाडी उचलणारा हे तिघे वेगवेगळ्या कार्यालयांत बसत असल्याने, एका रस्त्यावर कडक झालेला नियम शेजारच्या रस्त्यावर गाड्यांची गर्दी ढकलतो, एवढाच परिणाम पुष्कळदा हाती लागतो.

वाहनतळ बांधावेत, ही या प्रश्नावरची पहिली आणि सर्वांना पटणारी सूचना असते. तिचे गणित सोपे आहे, आणि ते मांडून पाहणे उपयुक्त ठरते. बांधकाम नियमांत एका मोटारीसाठी साधारणतः अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरली जाते. परंतु गाडी त्या जागेत शिरण्यासाठी मधली वाट, वळण, उतार आणि प्रवेशद्वार लागते, ते धरून प्रत्येक गाडीमागे पंचवीस ते तीस चौरस मीटर जमीन खर्ची पडते. या हिशेबाने एक हजार गाड्यांच्या सपाट वाहनतळाला अडीच ते तीन हेक्टर, म्हणजे सहा ते सात एकर जमीन लागेल. रस्त्याच्या कडेचा हिशेबही असाच उद्बोधक आहे : समांतर उभ्या केलेल्या गाडीला पुढच्या-मागच्या मोकळ्या अंतरासह सहा मीटर लागतात, त्यामुळे एक किलोमीटर रस्त्याच्या दोन्ही कडा फाटके, चौक आणि थांबे न सोडता भरल्या तरी जेमतेम ३३० गाड्या मावतात. वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या घाटमाथ्यावर सहा-सात एकरांचे डांबरी किंवा सिमेंटचे पटांगण म्हणजे तेवढ्या क्षेत्रावरचे पाणी जमिनीत न मुरता, तेलाचे ओघळ घेऊन, थेट इंद्रायणीच्या उगमाकडील ओढ्यांत सोडणे होय. ही किंमत वाहनतळाच्या अंदाजपत्रकात सहसा धरली जात नाही.

याहून मोठा प्रश्न कोणत्या दिवसाच्या गर्दीसाठी बांधायचे हा आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत शनिवार-रविवार मिळून पस्तीसेक दिवस येतात. त्यांत स्वातंत्र्यदिन, जोडून आलेल्या सुट्ट्या आणि वर्षअखेर मिळवली तरी खऱ्या अर्थाने तुंबणारे दिवस वर्षाच्या दहा-बारा टक्क्यांपलीकडे फारसे जात नाहीत. महामार्गाच्या अभियांत्रिकीत यावर एक रूढ तोडगा आहे : वर्षातील सर्वाधिक गर्दीचा तास हा मापदंड न मानता, सर्व तास गर्दीच्या उतरत्या क्रमाने मांडून त्यातील तिसाव्या क्रमांकाच्या तासासाठी रस्ता आखला जातो आणि त्यावरचे एकोणतीस तास कोंडीचे असणार हे पत्करले जाते. वाहनतळाच्या बाबतीत मात्र वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आलेला रविवार हाच मापदंड होऊन बसतो. त्या रविवारपुरता वाहनतळ बांधला तर मंगळवारी तो ओस पडतो, त्याची देखभाल नगरपरिषदेवर पडते आणि गावाची सर्वांत मोलाची सपाट जमीन वर्षातील बहुतेक दिवस कोणाच्याच उपयोगी येत नाही.

म्हणूनच नियोजनशास्त्राचा भर गेल्या दोन-तीन दशकांत जागांच्या संख्येवरून त्यांच्या फेरपालटीकडे वळला आहे. फेरपालट म्हणजे एका जागेवर दिवसभरात किती गाड्या आळीपाळीने लागून गेल्या त्याचे माप. बाजारातील जी जागा सकाळी दहाला एका गाडीने धरली आणि संध्याकाळी सोडली, तिने दिवसभरात एका ग्राहकाची सोय केली. तीच जागा तासाला सुटत राहिली तर आठ-दहा ग्राहकांची सोय झाली असती, आणि त्यासाठी एक फूटही जमीन वाढवावी लागली नसती. गाडी लावण्याचे जगातील पहिले मीटर १९३५ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीत बसवले गेले ते याच कारणासाठी, कारण बाजारातील नोकरदार मंडळी दुकानांपुढच्या जागा दिवसभर अडवून ठेवीत आणि गिऱ्हाइकाला थांबायला जागा उरत नसे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील नियोजनशास्त्रज्ञ डोनाल्ड शूप यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विचाराला व्यवस्थित रूप दिले. रस्त्याच्या कडेच्या जागांचे शुल्क असे असावे की कोणत्याही वेळी साधारण पंधरा टक्के जागा, म्हणजे दर सात-आठ जागांमागे एक, रिकामी सापडावी, हे त्यांचे सूत्र होते; शुल्क त्याहून कमी असेल तर जागा शोधत घिरट्या घालणाऱ्या गाड्याच कोंडीचा मोठा भाग होऊन बसतात, आणि जास्त असेल तर रस्ता विनाकारण रिकामा राहतो. या सूत्रात दर कायमचा ठरलेला नसतो. लोणावळ्यासारख्या गावात याचा अर्थ बुधवारी नाममात्र किंवा शून्य आणि पावसाळी रविवारी भरघोस असा बदलता दर होईल.

अशा शुल्काला आपल्याकडे वैचारिक आधार नाही असे नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात शहरी जमीन मौल्यवान असून पार्किंगच्या शुल्कात तिचे मूल्य उतरले पाहिजे, अशी भूमिका घेतलेली आहे. अंमलबजावणी मात्र जिल्ह्यातील मोठ्या शहरांनाही जड गेली. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केले, पण विरोधामुळे ते निवडक पाच रस्त्यांपुरतेही वर्षानुवर्षे प्रत्यक्षात आले नाही. पिंपरी-चिंचवडने जुलै २०२१ मध्ये 'पे अँड पार्क' सुरू करून पाहिले. लोणावळ्याची स्थिती एका बाबतीत या दोन्ही शहरांहून सोपी आहे, कारण येथे शुल्काचा मुख्य बोजा मतदारावर पडणार नसून पाहुण्यावर पडणार आहे. स्थानिक रहिवाशाला वार्षिक परवाना आणि बाहेरच्या गाडीला तासाचा दर, अशी विभागणी करणे येथे राजकीयदृष्ट्याही शक्य कोटीतले आहे. अडचण विश्वासाची आहे. वाहनतळाचा ठेका, पावतीपुस्तक आणि मनाला येईल तो दर आकारणारा माणूस एवढेच ज्याने पाहिले आहे, त्याला शुल्क हे नियोजनाचे साधन वाटत नाही, वसुली वाटते. कॅलिफोर्नियातील पॅसाडिना शहराच्या जुन्या बाजारात १९९३ मध्ये मीटर बसवताना त्यांचे उत्पन्न त्याच बाजाराच्या पदपथांवर, दिव्यांवर आणि स्वच्छतेवर खर्च करण्याची अट घातली गेली, आणि विरोध करणारे दुकानदार त्या अटीमुळेच राजी झाले.

रस्त्याच्या कडेची गाडी हा प्रश्नाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा इमारतींच्या आत आहे. राज्यातील बहुतेक शहरांसाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली, तेव्हा बृहन्मुंबई, गिरिस्थान नगरपरिषदा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे यांच्याबरोबर लोणावळा नगरपरिषदेचे नाव घेऊन तिला वगळण्यात आले. परिणामी एकाच तालुक्यात तळेगाव दाभाडे येथे एक नियमावली आणि लोणावळ्यात दुसरी, अशी स्थिती निर्माण झाली. हे वगळणे योग्यच म्हणावे लागेल, कारण राज्यभराच्या नियमावलीत सदनिकेच्या चटई क्षेत्रावरून गाड्यांच्या जागा ठरतात, म्हणजे घर मोठे तितक्या गाड्या जास्त, आणि त्या घरात कायम राहणारे कुटुंब आहे असे त्यामागे गृहीत असते. लोणावळ्यातील 'सेकंड होम' या हिशेबात बसत नाही. पाच दिवस बंद असलेल्या आणि शनिवारी चार मित्रकुटुंबांना भाड्याने दिलेल्या बंगल्याच्या आवारात दोन गाड्यांची सोय असते आणि गाड्या येतात पाच. उरलेल्या तीन गल्लीत लागतात. तुंगार्ली किंवा वळवणकडील बंगलेवजा वस्तीत हे सहज घडू शकते.

इमारतीत वाहनतळाची किमान संख्या सक्तीची करणे हा उपाय वरवर निर्विवाद वाटतो, परंतु त्यालाही दुसरी बाजू आहे. सक्तीच्या जागेचा खर्च घराच्या किमतीत मिसळतो आणि गाडी नसलेला ग्राहकही तो भरतो. शिवाय जागा मिळाली की गाडी घेण्याचा कल वाढतो. लंडनने २००४ च्या सुमारास किमान मर्यादेऐवजी कमाल मर्यादेचा मार्ग धरला तो यासाठी. आपल्याकडे आणखी एक पळवाट असते, ती म्हणजे इमारतीच्या खालच्या खांबांमधील मोकळ्या जागेचे, म्हणजे स्टिल्टचे, दुकानात किंवा गोदामात होणारे रूपांतर. दहिसर येथील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये स्टिल्टमधील वाहनतळ हा इमारतीचा सामाईक भाग असून विकासकाला तो स्वतंत्रपणे विकता येणार नाही, असा निर्णय दिला. नकाशावर दाखवलेली जागा वापरात राहते की नाही हे तपासणे मात्र नगरपरिषदेचेच काम राहते. सार्वजनिक वाहनतळासाठी विकास आराखड्यात ठेवलेल्या आरक्षणाचीही गत वेगळी नाही : महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण रद्द होते. तिजोरी लहान असलेल्या गावाचे वाहनतळ पुष्कळदा असे कागदावरच राहून कागदावरून पुसले जातात.

तालुक्याच्या पूर्व भागात प्रश्नाचे रूप निराळे आहे. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते आणि तिच्या आधाराने तळेगाव, वडगाव, कामशेत येथे नोकरदारांची वस्ती वाढली. तळेगावचा गाव भाग आणि स्टेशन भाग हे परस्परांपासून दूर असल्यामुळे घर ते स्टेशन हे अंतर दुचाकीने कापले जाते, आणि ती दुचाकी लोकलने गेलेला मालक परत येईपर्यंत दिवसभर उभी राहते. येथे फेरपालटीचा विचार लागू पडत नाही. उलट अशा गाडीला स्वस्त, सुरक्षित आणि छपराची जागा देणे शहाणपणाचे, कारण ती जागा मिळाली नाही तर तो माणूस तीच दुचाकी थेट पुण्यापर्यंत नेतो. ज्या जागेत एक मोटार मावते त्या जागेत पाच-सहा दुचाकी मावतात, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. एकाच तालुक्यात एका स्टेशनाबाहेर दिवसभर गाडी ठेवण्यास उत्तेजन आणि दुसऱ्या गावाच्या बाजारात त्यावर भारी दर, हे परस्परविरोधी नाही.

मोटारीला गावाबाहेर थोपवण्याचा नमुना लोणावळ्यापासून फार लांब नाही. माथेरानमध्ये मोटारींना प्रवेश नसल्याने गाड्या दस्तुरी नाक्यावर उभ्या राहतात आणि तेथून पुढे पायी, घोड्यावरून किंवा अमन लॉजहून सुटणाऱ्या छोट्या गाडीने जावे लागते. स्वित्झर्लंडमधील झेरमाटनेही हेच केले आहे. गाड्या अलीकडच्या टेश गावी ठेवून पाहुणे आगगाडीने वर जातात. माथेरानचे अनुकरण लोणावळ्याला जसेच्या तसे करता येणार नाही, कारण माथेरानच्या डोंगराला मोटारीची एकच वाट आहे आणि लोणावळा महामार्गावरच वसलेले आहे. पण लोहमार्गाच्या दक्षिणेकडील पॉइंटांपुरता तो नमुना नीट बसतो, कारण तेथे वाट जवळजवळ एकच आहे : पुण्याच्या बाजूला वळवण-कार्ला परिसरात आणि मुंबईच्या बाजूला खंडाळ्याकडे गाड्या थांबवून तेथून ठरावीक अंतराने लहान बस सोडल्या, तर पन्नास माणसांसाठी बारा-तेरा मोटारींऐवजी एक-दोन वाहने धरणाकडे जातील. कार्ल्याच्या एकवीरा देवीच्या पायथ्याशी वेहेरगावात किंवा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या लोहगडाच्या पायथ्याच्या वाडीतही हीच व्यवस्था लागू पडेल. किंबहुना तेथे ती अधिक निकडीची आहे, कारण तिकडच्या अरुंद चढणीवर समोरासमोर आलेल्या दोन बसना एकमेकींना वाट देणे कठीण जाते. बस मात्र आधी आणि बंदी नंतर, हा क्रम पाळावा लागतो. उलट केले की खासगी जमिनीवर रातोरात वाहनतळ उगवतात.

खोपोली ते कुसगाव दरम्यानचा सुमारे तेरा किलोमीटरचा नवा दुवा, ज्याला सर्वत्र 'मिसिंग लिंक' म्हणतात, घाटातील अंतर सहाएक किलोमीटरने कमी करण्यासाठी आखलेला आहे. खंडाळ्याजवळ द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग एकत्र आल्याने घाटात होणारी कोंडी त्याने हलकी होईल, हा त्यामागचा हेतू रास्त आहे. त्याचे पुण्याकडील तोंड मात्र लोणावळ्याच्या अगदी लगत आहे. प्रवासातील वाचलेला वेळ लोक पुष्कळदा आणखी एखाद्या फेरीत खर्च करतात, हे १९६० च्या दशकापासून वाहतूकशास्त्रात मांडले गेले आहे, आणि २००२ नंतरच्या लोणावळ्याने त्याची प्रचीती घेतलेली आहे. टायगर पॉइंट परिसरात काचेच्या स्कायवॉकची जी योजना जाहीर झाली आहे, तिची क्षमता ठरवताना तेथे किती माणसे उभी राहतील याबरोबरच त्यांच्या गाड्या कोणत्या हद्दीत, कोणाच्या जमिनीवर आणि कोणत्या दराने उभ्या राहतील याचा तक्ता त्याच अंदाजपत्रकाला जोडावा लागेल. तो जोडला गेला नाही तर तो हिशेब कुमार चौकातील वाहतूक हवालदाराला दर रविवारी रस्त्यावर उभे राहून करावा लागतो.